पेटीपाशी कोण होतं

सुरभीच्या शाळेची वेळ होत आली होती. अर्पिता तिला दोन पायांत धरून तिच्या केसांतला गुंता काढत होती, तेवढ्यात शेताकडून कपिल आला. गाडी स्टँडवर लावायचंही त्याला सुचलं नाही, तुळशीपाशी तशीच आडवी टाकली. पायात चपला नव्हत्या. पँट गुडघ्यापर्यंत दहिवरानं भिजलेली आणि ओठ पांढरेफटक.

"तांड्यातला देवसिंग गेला," तो म्हणाला. "आपल्या धुऱ्यावर. तारेले चिकटला."

विमलताई गोठ्यातून शेणाच्या हातांनी बाहेर आल्या. "अवो माय! मेला?"

"मेला म्हणजे काय, हाताचा कोळसा झाला त्याच्या."

अर्पितानं सुरभीच्या कानांवर हात ठेवले, पण उशीर झाला होता. पोरीनं मान वर करून बापाकडं बघितलं आणि कंगवा केसांत तसाच लटकला.

कोणती तार, हे घरात कोणीच विचारलं नाही. रानडुकरांनी कपाशीची हिरवी बोंडं फोडून खाल्ली, तेव्हापासून धुऱ्यावर, शेताच्या कडेनं, खुंट्या ठोकून उघडी तार ओढलेली होती. तिला झटका मशीन जोडलेलं. जनावराला नुसता हिसका बसतो, जीव जात नाही, असं दुकानदारानं सांगितलं होतं. दिवाळीत मशीन बंद पडलं. त्यानंतर मात्र डुकरं आली नाहीत. का आली नाहीत, हे अर्पितानं नवऱ्याला विचारलं नव्हतं. ताप किती, दूध कधीचं, शाळेच्या खिचडीत तेल कोणतं, सगळं विचारणारी बाई. पण तारेचं विचारलं नव्हतं.

सासरे सदाशिवराव ओसरीतल्या खाटेवर येऊन बसले. बराच वेळ पायाचा अंगठा चोळत राहिले.

"काल दुपारी आसिम आलता ना, मोटरीचा स्टार्टर पाह्यले?" ते म्हणाले.

"आलता," कपिल म्हणाला.

"मंग मशीनीलेही हात लावला असन त्यानं. तपासाले म्हणून तार थेट लाइनीवर लावली असन, आन काढाची भुलला असन."

कपिल खाली बघत राहिला.

"असन म्हणजे तसंच हाये," सदाशिवराव म्हणाले आणि उठून अंघोळीला गेले.

आसिम म्हणजे एसटी स्टँडवरचा मोटर दुरुस्तीवाला. पंचक्रोशीतल्या मोटरी त्याच्याच हातच्या. बोलायला कमी, कामाला चोख. आला की सुरभीच्या तळहातावर जुन्या बेअरिंगमधले छर्रे ठेवायचा.

अर्पितानं पोरीला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. काल शाळा सुटल्यावर सुरभी आजोबांबरोबर शेतात गेली होती. दिवस बुडताना त्यांच्या खांद्यावर झोपून परत आली. अर्पितानं झोपेतच तिचे पाय धुतले होते.

"बाळा, काल शेतात कोण कोण होतं?"

"आजोबा. बाबा."

"आणखी?"

"माहीत नाही."

अर्पिता बी.ए., डी.एड. झालेली. शिक्षक भरतीची वाट बघता बघता लग्न झालं, मग सुरभी झाली, आणि भरतीसाठी जमवलेली सगळी विद्या एकट्या सुरभीवर येऊन पडली. सहा वर्षांची पोर, पण रोज संध्याकाळी प्रश्नोत्तरं. घरात एक नियम होता, 'माहीत नाही' हे उत्तर चालणार नाही. डोळे मिटायचे, आठवायचं आणि सांगायचं. बरोबर आलं की वहीत लाल स्केचपेनची चांदणी.

"माहीत नाही म्हणायचं नाही ना? आठव. आसिमकाका आले होते ना?"

"हो."

"आणि ती पेटी आहे ना, मोटरीची? पेटीपाशी कोण होतं?"

"मी झोपली होती, आई."

"झोपायच्या आधी. डोळे मिट. आसिमकाका होते का पेटीपाशी?"

सुरभीनं डोळे मिटले. पापण्या थरथरल्या. मग डोळे उघडून तिनं आईच्या तोंडाकडं बघितलं. नीट, बराच वेळ बघितलं.

"हो," ती म्हणाली.

"शाब्बास," अर्पिता म्हणाली आणि तिला इतकं घट्ट धरलं की पोर कळवळली.

दुपारी पोलीस आले. पंचनामा झाला, देवसिंगला तालुक्याला नेलं, कपिललाही जीपमध्ये बसवलं. तेव्हा विमलताई जीपच्या आडव्या झाल्या. "माह्या लेकाले काहून नेता? आमच्या पोट्टीनं डोयानं पायलं ना! इचारा तिले!"

फौजदार मॅडम तरुण होत्या. त्यांनी टोपी काढून सुरभीला खाटेवर शेजारी बसवलं, गोळी दिली, हळू आवाजात विचारलं. सुरभीनं सांगितलं. आसिमकाका पेटीपाशी होता. तार लावून राह्यला होता. 'तार' हा शब्द सकाळी नव्हता. अर्पिता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या ते लक्षात आलं, आणि ती गप्प राहिली.

सांज व्हायच्या आत कपिल घरी होता आणि आसिमला दुकानातून उचललं होतं.

मग लोक यायला लागले. गावात काही घडलं की त्या घरी जाऊन बसायची रीतच. आल्यावर चहा व्हायचा, देवसिंगसाठी चुकचुकणं व्हायचं, आणि मग विमलताई हाक मारायच्या, "सुरभे, ये व. सांग बरं मामाजीले, काय पायलं तं."

पाहुण्यांसमोर कविता म्हणायला पोरगी जशी उभी राहायची तशीच उभी राहायची. हात बाजूला, हनुवटी वर. अडली की आजी पुढचं सांगायची. एखादी गोष्ट राहिली की म्हणायची, "आन पक्कड? पक्कड राह्यली ना!" मग सुरभी सुरुवातीपासून, पक्कड घालून पुन्हा सांगायची. ऐकणारे गालाला हात लावायचे. "बाप्पा बाप्पा! काय ध्यान हाये पोट्टीचं! आईवर गेली, मास्तरणीवर."

तिसऱ्या दिवशी गोष्टीत बांबू आला. बांबूनं आकडा वरच्या लाइनीवर टाकला. पाचव्या दिवशी कळंबहून विमलताईंचा भाऊ इंद्रजीत आला. त्यानं पाय पसरून विचारलं, "सदरा कोणता होता व त्याचा?"

सुरभीनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. आजोबा, आजी, आई. मग मामाआजोबांच्या सदऱ्याकडं.

"निळा," ती म्हणाली.

"पाय! रंगही ध्यानात हाये!"

अर्पिता चहाचे कप गोळा करत होती. देवसिंग जायच्या आदल्या दुपारी आसिम शेताकडं जाताना दारात पाणी प्यायला थांबला होता. तेलाचे डाग पडलेला खाकी शर्ट, खिशाशी उसवलेला. तांब्या तिनंच हातात दिला होता. तिनं कप मोरीत ठेवले आणि नळ उघडा सोडून नुसती उभी राहिली.

इकडे कपाशी फुटली होती. शेत पांढरं झालं होतं आणि वेचायला माणूस नव्हतं. वेचणीच्या बायका सगळ्या तांड्यातल्या. देवसिंगच्या मयतीपासून एकही फिरकली नाही. सासू-सुना दोघीच कमरेला झोळीसारखे ओटे बांधून कपाशीच्या तासांत उतरल्या. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी अर्पिताची बोटं पहिल्याच दिवशी फुटली. नखांच्या कडा सोलून निघाल्या, कापसावर बारीक लाल ठिपके पडायला लागले. पाठ वाकवून ती एकेक बोंड मोकळं करायची आणि डोक्यात एकच मोजणी, पोरीनं काय कधी सांगितलं. पेटी पहिल्या दिवशी. तार दुपारी. पक्कड दुसऱ्या दिवशी. बांबू तिसऱ्या. सदरा पाचव्या.

"काय पुटपुटून राह्यली व?" विमलताई पलीकडच्या तासातून म्हणाल्या.

"काही नाही, आत्याबाई."

"वेच मंग. पाणी आलं तं सारा कापूस मातीत जाईन."

तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी देवसिंगची बायको सोनीबाई आली. सोबत तांड्याचे म्हातारे पूनमसिंग. ती अंगणात खालीच बसली. विमलताईंनी सतरंजी आणली. ती सोनीबाईनं बाजूला सरकवली. हातांत बांगड्या नव्हत्या, आणि जिथं वर्षानुवर्षं होत्या तिथलं कातडं फिकट आणि चिरमटलेलं दिसत होतं.

"पोरीले बलाव," ती म्हणाली.

सुरभी खेळता खेळता आली. मुठीत छर्रे होते. विमलताईंनी सांगायच्या आधीच हात बाजूला घेऊन उभी राहिली आणि सांगून मोकळी झाली. पेटी, पक्कड, बांबू, निळा सदरा. सोनीबाई तिच्या ओठांकडं बघत होती.

"आन सकाळी?" तिनं विचारलं. "पोरी, माहा माणूस... वरडला का गं तो?"

सुरभी सोनीबाईच्या तोंडाकडं बघत राहिली. अर्पिताला ती नजर ओळखीची होती. पोर उत्तर शोधत होती, पण आठवणीत नाही; समोरच्या चेहऱ्यावर.

"नाही," सुरभी म्हणाली. "ओरडले नाही. गुपचूप झोपले ते."

सोनीबाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "ये याडी! ये याडी!" अशा आपल्या बोलीत आईला हाका मारत ती पुढं-मागं झुलायला लागली. विमलताईंच्याही डोळ्यांना धार लागली. पूनमसिंगांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. थोड्या वेळानं सोनीबाईनं पोरीला जवळ ओढून तिच्या कपाळाचा मुका घेतला.

"तुमच्यावर राग नाही आता," उठताना ती म्हणाली. "उद्यापासून बायका येतीन वेचाले."

देवसिंग पहाटे मेला होता. त्या वेळी सुरभी या घरात, अर्पिताच्या कुशीत, तोंडात अंगठा घालून झोपलेली होती. हे सासूला माहीत होतं, सासऱ्यांना माहीत होतं. एकाच्याही तोंडावर तसं काही उमटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तांड्याच्या बायका शेतात आल्या. दुपारी त्या भाकरीची फडकी सोडून बसल्या तेव्हा अर्पिता कपिलच्या मागं विहिरीपर्यंत गेली. तो गाठोडी बांधत होता.

"सुरभी पहाटे शेतात नव्हती," ती म्हणाली.

"मले माहीत हाये."

"आणि संध्याकाळी झोपलेली होती."

कपिलनं गाठोड्यावर गुडघा रोवला आणि दोरी आवळली. "तू मले काही इचारू नको."

"मग कोणाला विचारू? पोरीला? तिला विचारलं की ती उत्तर देते. मला भीती वाटते तिला काही विचारायची."

त्यानं दोरी सोडली. आजूबाजूला बघितलं. मग गाठोड्यावरच बसला, कापसात अर्धा बुडाला.

"आकडा म्या टाकला," तो म्हणाला. "दिवाळीपासून रोज टाकतो. दिवस बुडला की टाकाचा, उजाडलं की काढाचा. सारं शिवार टाकते, मी एकटाच नाही. त्या दिवशी उठाले उशीर झाला. इतलंच. दहा मिनिटं, अर्पिता. दहा मिनिटं आधी उठलो असतो तं."

"आणि आसिमभाऊ?"

"तो तं चार वाजताच निंघून गेलता. स्टार्टर केला आन गेला. मले म्हणे, कपिलभाऊ, मशीन आणून द्या दुकानात, करून देतो. मीच नेलं नाही."

तिकडून बायकांचं हसणं ऐकू आलं. किती दिवसांनी शेतात कोणी हसत होतं. कपिलनं तळहातांनी डोळे पुसले. डोळ्यांच्या कडांना कापसाचे तंतू चिकटले.

"मी आत गेलो तं बाबा मरतीन. तू काय करशीन? सुरभीचं काय करशीन?"

अर्पिता पुढं झाली. वाकून दोरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून गाठोडं बांधलं.

कोर्टात पोरीचा जबाब मॅजिस्ट्रेट साहेबांसमोर व्हायचा होता, त्याला आठ दिवस उरले होते. अर्पितानं मनाशी एक वाट काढली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, कोणाचंच घ्यायचं नाही. पोरीच्या डोक्यात जे आपण घातलं ते आपणच हळूहळू काढून घ्यायचं. जबाबात ती एवढंच म्हणेल, मी झोपले होते. आसिम सुटेल आणि कपिलवरही येणार नाही. एवढं शिकलो, तेवढं तर जमेल.

त्या संध्याकाळी वही उघडून ती म्हणाली, "सुरभी, त्या दिवशी शेतात तुला झोप आली होती ना?"

"नाही."

"आजोबांच्या खांद्यावर झोपली होतीस. मी तुझे पाय धुतले."

"ते नंतर. आधी मी पायलं."

"काय पाहिलंस?"

सुरभीनं डोळे मिटले. आता पापण्या थरथरल्या नाहीत. "आसिमकाका बांबू घेऊन आला. निळा सदरा होता. त्यानं आकडा वर टाकला तं असा आवाज झाला, चर्र. आन ठिणगी पडली. मी घाबरली."

ठिणगी आज नवीन होती. आणि पोरीच्या हातावर खरोखरीचा काटा आला होता. अर्पितानं बोट फिरवून बघितलं. बारीक बारीक काटा.

"बाळा, कधी कधी आपल्याला वाटतं की आपण पाहिलं. पण आपण ऐकलेलं असतं."

"मी पायलं!"

"मला राग येणार नाही. झोपले होते म्हटलंस तरी चांदणी देईन."

सुरभीचा ओठ बाहेर आला. "मंग तू मले खोटं बोलाले काहून सांगते?" ती किंचाळली आणि वही ढकलून आजीकडं पळाली. बाहेरून विमलताईंचा आवाज आला, "काय झालं माह्या बाईले? कोणं रडवलं?" आणि मग जरा खाली, धारदार, "सूनबाई, काय शिकवून राह्यली तिले? लेकराचं चित्त कायले बिघडवते?"

रोज तिनं वेगळी वाट धरून बघितली, आणि रोज गोष्टीत काहीतरी वाढलं. शेवटचे दोन दिवस तिनं विचारणंच सोडून दिलं. पोर आपली आपणच सांगायची, खेळताना, जेवताना, छर्रे जमिनीवर घरंगळवताना.

जबाबाच्या दिवशी सदाशिवरावांनी सुरभीला नवीन फ्रॉक घालायला लावला. तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाकावर आसिमची बायको रशीदा बसलेली होती. मांडीवर डबा. आसिमला आज आणणार नव्हते, हे तिला कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. तिनं अर्पिताकडं बघितलं. शिवी दिली असती, पाया पडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त सरकून बाकावर पोरीपुरती जागा केली.

अर्पिता तिथं बसू शकली नाही. फौजदार मॅडम जिन्यापाशी फोनवर बोलत होत्या. त्यांचं बोलणं संपेपर्यंत ती समोर उभी राहिली.

"मॅडम, ती झोपली होती."

"कोण?"

"सुरभी. तिनं काही पाहिलं नाही. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, मी झोपली होती. मग मीच... मीच आसिमचं नाव घेतलं. मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. सदरा निळा नव्हता, मॅडम. खाकी होता."

मॅडमनी फोन खिशात टाकला. तिला भिंतीकडं घेतलं. "आसिमकडचे लोक भेटले का तुम्हाला? कोणी धमकी दिली?"

"नाही. कोणीच नाही."

"ताई, पोरीला कोर्टकचेरी नको म्हणून आया अशा येतात शेवटच्या दिवशी. मला कळतं. मलाही पोरगी आहे."

"तसं नाही. मी खरं सांगते."

"बरं. मग आकडा कोणी टाकला?"

व्हरांड्याच्या टोकाला कपिल सुरभीला पाणी पाजत होता. बाटलीचं तोंड तिच्या ओठांना लावून हनुवटीखाली हात धरला होता, फ्रॉकवर सांडू नये म्हणून. सदाशिवराव बाजूला काठीवर हात ठेवून उभे होते. त्यांची नजर इकडेच होती.

मॅडम वाट बघत होत्या. त्या खरोखरच वाट बघत होत्या. पुढं अर्पिताला हेच सारखं आठवत राहायचं, की त्या बाईनं घाई केली नव्हती.

"मला माहीत नाही," अर्पिता म्हणाली.

मॅडमनी मान हलवली. "मग जिला माहीत आहे तिला सांगू द्या," त्या म्हणाल्या आणि तिच्या दंडावर हलकेच थोपटून आत गेल्या.

थोड्या वेळानं शिपायानं पुकारा केला. आईबापांनी आत यायचं नव्हतं. सुरभी एकटीच गेली, शिपायाचं बोट धरून, एकदाही मागं न बघता. दार लागलं. अर्पिता दाराजवळ उभी राहिली. आतून मधूनमधून साहेबांचा खालचा आवाज यायचा आणि त्यावर पोरीचा, स्वच्छ, न अडखळणारा. शब्द कळत नव्हते. पण कुठं पेटी, कुठं पक्कड, कुठं बांबू, हे तिला नुसत्या चालीवरून कळत होतं.

दार उघडलं. सुरभी बाहेर आली. गाल लाल झाले होते, घामानं केस कपाळाला चिकटले होते. कपिल पुढं झाला. त्याला ओलांडून ती आईकडं आली.

"झालं?" अर्पितानं विचारलं.

"हो. साहेब चांगले आहेत. सगळं सांगितलं मी." सुरभीच्या कपाळावर आठी पडली, गणित अडल्यावर पडायची तशी. तिनं आईचा पदर धरून तिला खाली ओढलं आणि कानाशी तोंड नेलं. "आई, साहेबांनी विचारलं, खरंच पायलं का? मी म्हटलं, पायलं." श्वास कानात गरम लागत होता. "मी पायलं ना, आई?"

बाकावरून रशीदा उठून उभी राहिली होती. डबा छातीशी धरून ती दाराकडं बघत होती. कपिल दोन पावलांवर होता, त्याच्या मागं सासरे. पोरीचे डोळे आईच्या तोंडावर खिळलेले होते. तिला आईकडून फक्त एक शब्द हवा होता, कोणताही. जो मिळेल तो ती घेणार होती आणि जन्मभर तोच खरा धरणार होती.

अर्पितानं तिचे कपाळावरचे केस मागं सारले.

"हो," ती म्हणाली. "तू पाहिलंस."